वरातीतल्या घोडीचा उजवा पाय

जळणाऱ्या खुराचा वास पहिल्यांदा घेतलेला माणूस तोंड फिरवतो. केस आणि नखं एकत्र जाळली तर येईल तसा तो वास. तापवलेला नाल मापासाठी खुरावर टेकवला की पिवळट धूर उठतो आणि शर्टात, मिशीत, कानामागे जाऊन बसतो. लग्न झाल्यावर माझी बायको माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि ती बादली घरातल्या मोरीत नाही, बाहेर नळापाशी ठेवायची. मला मात्र त्या वासाची कधी किळस आली नाही. खूर म्हणजे घोड्याचं नखच. वरवरचं नख जळलं तर त्याला कळतही नाही.

मी नालबंद आहे. माझे वडील महालक्ष्मीकडच्या एका तबेल्यात सईस होते. घोड्यांना खरारा करायचा, चारापाणी बघायचं, लीद उचलायची, हे त्यांचं काम. त्यांच्या ओळखीने मी तिथल्या म्हाताऱ्या नालबंदाच्या हाताखाली लागलो आणि त्याच कामात माझे केस पिकले. मुंबईत आता घोडे उरलेत ते शर्यतीचे, रायडिंग शिकवणारे आणि लग्नाचे. व्हिक्टोरिया गाड्या बंद झाल्या तेव्हा त्यांच्या मालकांपैकी काही जण रिक्षा चालवायला लागले, काहींनी पांढऱ्या घोड्या आणून वरातीचा धंदा धरला. शर्यतीच्या घोड्याच्या एकेका खुरासाठी डॉक्टर, ट्रेनर, मालक सगळे वाकून बघतात. लग्नाच्या घोडीचा खूर कोणी बघत नाही. लोक नवरा बघतात, झूल बघतात, डोक्यावरचा तुरा बघतात. खाली कोण वाकतंय?

मला किळस येते ती सडक्या खुराची. घोड्याच्या तळव्याला मधोमध रबरासारखी एक त्रिकोणी गादी असते, तिला आमच्यात पुतळी म्हणतात. घोडा दिवसेंदिवस आपल्याच मुतात आणि लिदीत उभा राहिला की ही पुतळी कुजते. आधी कडेच्या खाचेत काळा चिखल दिसतो. तो चिखल नसतो. चाकूचं टोक लावलं की तो लोण्यासारखा कापला जातो आणि जो वास येतो त्याला माझ्याकडे शब्द नाही. गटार त्यापुढे बरं. तीस वर्षं या कामात असूनही मला तो वास आला की पहिल्यांदा ओकारी आवरावी लागते, मग हात चालतो. आणि खरं सांगायचं तर ओकारी त्या पुवाची येत नाही. घोडा स्वतःच्या घाणीत आपण होऊन उभा राहत नाही, त्याला तिथे बांधणारा माणूस असतो. त्या माणसाची येते.

वडाळ्याला रेल्वे यार्डाच्या मागे एका घोडीवाल्याची शेड आहे. पत्र्याचं छप्पर, खाली फरशी नाही, बाजूने नाला. गेल्या लग्नसराईत त्याने मला बोलावलं. पांढरी घोडी लंगडतेय म्हणाला. मी गेलो तर घोडी पुढचा उजवा पाय टेकवत नव्हती, नुसतं टोक लावून उभी होती. खाली घोट्यापर्यंत लिदीचा काला. मी पाय उचलून मांड्यांत धरला आणि जुना नाल काढला. पुतळी जवळजवळ उरलीच नव्हती. काळी घळ झाली होती नुसती, तिच्यातून राखाडी पाणी गळत होतं.

मी त्याला सांगितलं की हिचे चारही नाल काढून ठेव, कोरड्या जागी बांध, रोज खूर धुऊन औषध भर आणि उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव. लग्नं विसर. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. मग म्हणाला, सीझन चालू आहे, तू टायरचा एक तुकडा कापून खाली लाव आणि वरून नाल ठोक, लंगडणं दिसलं नाही की झालं. हे तो हलक्या आवाजात, समजूत घालावी तसं बोलत होता, जणू मीच काहीतरी अवघड करून ठेवलंय. त्याच्या मागच्या फळीवर सोनेरी रंगाचा डबा होता. खिडकीच्या ग्रिलला मारतात तो ऑइलपेंट. इतर तीन खुरांवर तो आधीच चोपडलेला होता.

मी सामान उचललं आणि निघालो. वडाळ्याहून घरी येईपर्यंत बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. हात तीनदा धुतले तरी जेवताना घासाला तोच वास. बायकोने विचारलं, कुणाचा घोडा होता? मी म्हटलं, घोड्याचं काही नाही, मालकच सडलाय.

त्याच दिवसांत आमच्या घरात लग्न निघालं होतं. माझ्या थोरल्या भावाच्या मुलाचं. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. भाऊ टपाल खात्यातून निवृत्त झालेला, पुतण्या एका बँकेत. चाळी पाडायचं काम सुरू झालंय. निम्म्या इमारती रिकाम्या, पलीकडे टॉवर उभे राहतायत. आमची इमारत अजून शाबूत होती, आणि भावाचा हट्ट होता की मुलाची वरात या चाळीतूनच निघाली पाहिजे, घोडीवरून.

मी एकदा म्हणून पाहिलं की दादा, गाडी सजवू या, घोडी कशाला. वडाळ्याची गोष्टही सांगितली. त्यावर तो लगेच चिडला नाही. हातातला पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे घोडे धुतले. एकदा तरी बसलेले बघितलेस तू त्यांना? आणि गावाला आपल्या आजोबांची वरात देवळापासून पायी न्यायला लावली होती, घोडा लांब ठेवून. मी ठरवलंय. माझा मुलगा घोडीवर बसणार, आणि दिवसाउजेडी बसणार."

देशात अजून कुठे कुठे आपल्या पोरांना घोड्यावरून खेचतात हे आम्ही दोघंही मोबाईलवर बघत होतो. मला त्याचं पटलं. मी म्हटलं, मग घोडी मी बघून आणतो, चांगली, धडधाकट. तो म्हणाला, बेंजोवाल्यालाच सगळं दिलंय, तोच घोडी आणणार, तू एक दिवस तरी पाहुण्यासारखा ये. मीही जास्त ताणलं नाही. मुंबईत वरातीच्या घोड्या काही थोड्या नाहीत.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी चाळीच्या पटांगणात बेंजो सुरू झाला होता. उन्हं अजून होती. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं निळे फेटे बांधून. मी नवा पांढरा झब्बा घातला होता. घोडी गेटातून आत आली आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. लाल मखमली झूल, टिकल्या, आरसे, डोक्यावर तुरा, गळ्यात घुंगरांचा पट्टा. आणि खाली चार सोनेरी खूर.

मी चेहरा बघितलाच नाही. चाल बघितली. पुढचा उजवा पाय टेकवताना मान वर जात होती. लगाम धरून वडाळ्याचा घोडीवालाच होता. त्याने मला ओळखलं आणि नजर बेंजोवाल्यांकडे वळवली.

तोपर्यंत पुतण्याला वर बसवलं होतं. वहिनी ओवाळायला ताट घेऊन पुढे आल्या. मी घोडीच्या बाजूला वाकलो, तिचा पाय मागे घेतला, झब्ब्यावरच मांडीत धरला. खुरावर अत्तर ओतलेलं होतं. गुलाबाचं, भपकारा मारणारं, आणि त्याच्याखालून ते दुसरं. नालाखाली टायरचा तुकडा होता, मी जो लावला नव्हता तो. कुणीतरी ठोकून दिला होता, आणि दोन खिळे इतके आत घेतले होते की ते नक्कीच जिवंत मांसात गेले असणार. टायरच्या कडेने काळं पाणी निघालं आणि माझ्या बाहीवर गळलं. वहिनींनी ताट तसंच धरून पदर नाकाला लावला. "भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "आत्ता नको ना हे."

मी भावाला बाजूला घेतलं. ही तीच घोडी, हिला एक पाऊल टाकणं म्हणजे पेटत्या निखाऱ्यावर पाय देणं आहे, हे त्याला सांगितलं. हॉल दादरला, तिथवर ती जाणार नाही. त्याने माझ्या बाहीकडे बघितलं, मग जमलेल्या लोकांकडे. सगळी चाळ गॅलऱ्यांत उभी होती. चाळीचं हे बहुधा शेवटचंच लग्न. तो म्हणाला, उतरायचं नाही, आणि बेंजोवाल्याला हात केला.

वरात निघाली. मी घोडीच्या उजव्या बाजूने चालत राहिलो. पुढे नाच चालला होता, आणि तो नाच, ती गाणी, ती माझीच माणसं, माझ्याच चाळीतली, मला बघवत नव्हती. दर दहा-बारा पावलांवर वरात नाचासाठी थांबायची. घोडी तीन पायांवर उभी राहायची. पुन्हा चालायला लागली की घोडीवाला लगाम असा खेचायचा की लोखंड तिच्या जबड्यात रुतायचं. तोंडाच्या कडेला गुलाबी फेस आला होता. एका बाईने तिच्या पोरीला सांगितलं, बघ, घोडी नाचतेय.

नाक्यावर वळण घेताना ती थांबली ती थांबलीच. पाय उचलून धरला आणि टेकवेना. सगळं अंग थरथरत होतं. झुलीवरचे आरसे हलून समोरच्या दुकानाच्या शटरवर उजेडाचे ठिपके नाचत होते. घोडीवाल्याने तिचा कान धरून पिळला. मी एका हाताने लगाम आणि दुसऱ्याने त्याचा हात धरला. त्याने मला ढकललं, मी लगाम सोडला नाही. लोक मध्ये पडले. बेंजो एकेक वाद्य करत बंद पडला.

तेव्हा पुतण्या स्वतःच खाली उतरला. कोणी हात दिला नाही, झुलीत पाय अडकला, तरी उतरला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, वास मलाही येत होता. निघाल्यापासून." त्याचा चेहरा पांढराफटक होता. फेटा सावरून तो चालायला लागला. मित्र त्याच्या मागे गेले, बेंजो पुन्हा सुरू झाला, आधी चाचरत, मग जोरात.

भाऊ माझ्यापाशी थांबला. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही. म्हणाला, "आपल्या पोराला भर रस्त्यात घोडीवरून उतरवलं. आणि उतरवणारा कोण, तर घरचाच."

आणि तो वरातीमागे गेला.

मी घोडीला फुटपाथच्या कडेला घेतलं. घर जवळ होतं. बायको मागे फिरली आणि माझी हत्यारांची पिशवी घेऊन आली, जरीच्या साडीत. मी झब्ब्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि खिळ्यांची वळवलेली टोकं कानशीने घासली. एकेक खिळा पकडीने ओढला. आत गेलेले ते दोन निघताना घोडीने माझ्या खांद्यावर मान टाकली, सगळा भार दिला, पण लाथ मारली नाही. नाल निघाला. टायर निघाला. आणि टायरखाली वळवळत होतं. अळ्या. पांढऱ्या, जाड, ढिगाने. बायको लांब गेली आणि तिला उलटी झाली. मी बाटलीतलं पाणी ओतत राहिलो, बोटांनी काढत राहिलो.

भोवती माणसं जमली होती. रुमाल नाकाला आणि मोबाईल वर. कोणी म्हणालं, बिचारी. कोणी म्हणालं, रस्त्यात कसली घाण करून ठेवलीय. त्यात एक चांगल्या कपड्यांतला माणूस पुढे आला, इन केलेला शर्ट, हातात गाडीची किल्ली. मला वाटलं काही मदत करतोय. त्याने विचारलं, तो नाल मिळेल का, दाराला लावायला, वापरलेला नाल लाभतो म्हणतात. मी वर बघितलं. त्याला चेष्टा करायची नव्हती. मनापासून मागत होता. मी पुन्हा खुराकडे वळलो. घोडीवाल्याने नाल उचलला, झटकला आणि त्याच्या हातात दिला. त्या माणसाने खिशातून टिश्यू काढून नाल पुसला, टिश्यू तिथेच फुटपाथवर टाकला आणि नाल दुसऱ्या टिश्यूत नीट गुंडाळून घेऊन गेला.

आयुष्यात मी पू पाहिलाय, अळ्या पाहिल्यात, मेलेले घोडे पाहिलेत. त्या माणसाइतकी शिसारी मला कशाचीच आली नाही. तो नाल आता कुठल्या तरी स्वच्छ फ्लॅटच्या दारावर असेल, आणि खालून लोक चपला काढून आत जात असतील.

हॉलवर पोचलो तेव्हा मंगल परिणय होऊन गेला होता. बौद्धाचार्य जेवायला बसले होते. मी बाथरूममध्ये साबण घासून घासून हात धुतले, झब्ब्याची बाही आत दुमडली, तरी मी शिरलो त्या बाजूची खुर्च्यांची रांग हळूहळू मोकळी झाली. नवरानवरी पाया पडायला आली. नव्या सुनेने श्वास धरून नमस्कार केला. मला तिचा राग आला नाही. मीसुद्धा धरला असता. मी हात तिच्या डोक्यावर न ठेवता वरच्या वर धरला आणि जय भीम म्हटलं. भाऊ पलीकडे पाहुण्यांशी बोलत होता. त्याने शेवटपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

घोडीला दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून परळला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. घोडीवाला यायला तयार नव्हता. कुणीतरी काढलेले व्हिडिओ फिरायला लागले तसा घाबरून आला. सूज हाडापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी आणि तिथे शिकणाऱ्या मुलींनी बरेच दिवस प्रयत्न केले. मी कामावरून सुटलो की जायचो, पट्टी बदलताना पाय धरायला. अंगावरची झूल गेल्यावर कळलं की ती पांढरीसुद्धा नीट नव्हती. पावडर होती ती. खाली मळकट, राखी, बरगड्या मोजता येतील अशी जुनी घोडी. पुढे तिने खाणं सोडलं आणि उठणंही. डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायचं ठरवलं तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो. घोडीवाला त्या दिवशी आला नव्हता. एका लग्नाला गेला होता म्हणे.

घरी आलो तर भाऊ त्याच्या दारातल्या बाकावर बसला होता. लग्नानंतर आमच्यात बोलणं नव्हतं. कामापुरतं वहिनींकडून निरोप यायचा. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "गेली?"

मी हो म्हटलं. त्याने थोडं सरकून बाकावर जागा केली. मी बसलो नाही, आधी आंघोळ करतो म्हटलं. आंघोळ करून आलो तेव्हा तो आत गेला होता. आता आम्ही बोलतो, पण त्या संध्याकाळबद्दल नाही. त्याच्या घरात लग्नाचा मोठा फोटो आहे, पुतण्या घोडीवर, फेटा, हसरा. फ्रेमवाल्याकडून त्याने तो घोडीच्या गुडघ्यापासून वरचाच करून घेतलाय. मी तिकडे गेलो की भिंतीकडे पाठ करून बसतो, आणि माझ्या मते त्यालाही तेच बरं वाटतं. नातेवाइकांना मात्र किस्सा मिळालाय. कुठल्याही लग्नात कोणीतरी नाकाला रुमाल लावून माझी नक्कल करतं आणि सगळे हसतात. मी जेवतो आणि निघतो.

घोडीवाल्याने नवी घोडी घेतली. व्हिडिओ लोक विसरले. काही महिन्यांनी त्याचा फोन आला, नाल ठोकायचेत. मी फोन ठेवून दिला. मग विचार केला की मी नाही गेलो तर तो जाईल, ज्याने ते दोन खिळे मांसात घातले होते. म्हणून मी जातो. महिन्याला एकदा, वडाळ्याला. तरणी घोडी आहे, खूर अजून घट्ट. शेडच्या दारात उभा राहतो आणि त्याला सांगतो की खालचं सगळं उचल, फावडं मार, सुका भुसा टाक, तोवर मी आत पाय ठेवणार नाही. तो पुटपुटत उचलतो. मी बाहेर नाल्याच्या कडेला थांबतो. त्याच्याशी दुसरं काही बोलत नाही, त्याने पुढे केलेला चहा घेत नाही.